आधार, बंधन आणि वृद्धांची पादत्राणे

वृद्ध माणसाला पडू न देणे आणि त्याला स्वतःच्या इच्छेने उठून चालू देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळता येतील का, हा प्रश्न वरवर शुश्रूषेचा दिसत असला, तरी मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. जर्मनीत या प्रश्नाला विशेष धार आली, कारण १९४९ च्या तेथील राज्यघटनेचे पहिलेच कलम माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय मानते, आणि १९९५ पासून लागू झालेल्या शुश्रूषा विम्यामुळे, म्हणजे परावलंबी माणसाच्या देखभालीच्या खर्चाचा काही भाग उचलणाऱ्या सक्तीच्या सामाजिक विम्यामुळे, वृद्धांची काळजी ही सार्वजनिक जबाबदारीही ठरली आहे.

पडण्याच्या भीतीवरचा जुना सोपा उपाय म्हणजे पलंगाचे कठडे चढवून ठेवणे किंवा वृद्धाला पट्ट्याने खुर्चीला जखडणे. त्यामागचा हेतू रक्षणाचा असला, तरी जखडलेल्या शरीराचे स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि ज्या धोक्यासाठी बंधन घातले तोच बळावतो. वृद्धाश्रमात पडलेल्या एका स्त्रीच्या उपचारखर्चाची भरपाई मागणारा आरोग्य विमा संस्थेचा दावा २००५ मध्ये जर्मनीच्या ‘बुंडेसगेरिष्ट्सहोफ’ या दिवाणी व फौजदारी प्रकरणांच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. आश्रमाचे कर्तव्य वाजवी उपायांपुरते मर्यादित असून ते रहिवाशाची प्रतिष्ठा आणि स्वनिर्णयाचा हक्क जपूनच पार पाडायचे असते, ही त्या निकालाची भूमिका होती. २००७ मध्ये बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे ‘वेर्डेनफेल्सर वेग’ ही कार्यपद्धती सुरू झाली. तीत बंधनाला परवानगी देण्यापूर्वी न्यायालय शुश्रूषेचा जाणकार प्रतिनिधी नेमते आणि त्याच्याकरवी इतर पर्याय शोधते.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट यांनी १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे, येथे थेट लागू पडते. कारण अपघातांची नोंद कोरी राहावी म्हणून वृद्धाला बसवून ठेवले, तर तो संस्थेच्या निश्चिंततेचे साधन बनतो. म्हणून जे रक्षण चालणाऱ्याचे चालणे काढून घेत नाही, ते नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ होय, आणि अशा रक्षणाचे सर्वांत साधे रूप म्हणजे पायाला नीट बसणारे पादत्राण.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९३५-३६ च्या व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या ‘कलाकृतीचे मूळ’ या निबंधात चित्रकार व्हॅन गॉग यांच्या चित्रातील जोड्यांचा विचार करताना विश्वासार्हता ही संकल्पना मांडली: वस्तूची उपयुक्तताही जिच्यावर उभी असते, आणि जिच्या बळावर वापरणारा त्या वस्तूचा विचारही न करता आपल्या जगात निर्धास्त वावरतो, ती विश्वासार्हता. वृद्धाच्या पायातील जोडा या अर्थाने विश्वासार्ह असावा लागतो. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेले शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग हेर्मान फोन मायर यांनी १८५८ मध्येच जोड्याने पायाच्या आकाराला अनुसरावे, पायाने जोड्याच्या नव्हे, असे प्रतिपादन केले होते. आजचे ज्ञान त्यात भर घालते, की जोड्याची टाच बुटकी व रुंद, तळवा पातळ, पक्का आणि न घसरणारा, मागची बाजू पायाच्या टाचेला घट्ट धरणारी असावी आणि जोडा बंदाने किंवा पट्टीने बांधता यावा. मागून उघड्या सपाता, नुसते मोजे आणि गुळगुळीत फरशीवरचे अनवाणी चालणे धोकादायक ठरते. अर्थात मंद दृष्टी, अपुरा उजेड आणि गुंगी आणणारी औषधे यांवर जोडा हा उपाय नव्हे. आणि वृद्धाने तो नाकारल्यास समजावणे योग्य, सक्ती नव्हे.

मराठी घरात चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवण्यामागे शुचितेची भावना असते आणि ती आदरणीय आहे. परंतु तिचा आशय बाहेरची धूळ आत न आणण्याचा आहे, वृद्धाच्या पायाखालचा आधार काढून घेण्याचा नव्हे. बाहेरचे जोडे दारात काढून घरात ‘हाउसशूऽ’, म्हणजे केवळ घरात वापरायचे स्वच्छ जोडे घालण्याची जर्मन रीत या दोन्ही गोष्टी सांभाळते. जर्मनीत असो वा महाराष्ट्रात, ज्यांच्या घरी आईवडील वा आजीआजोबा आहेत, त्यांनी त्यांना जपून चाला असे सांगण्याआधी त्यांचे पाय मोजून घ्यावेत, झिजलेली पादत्राणे बदलावीत आणि त्यांना चालू द्यावे.