दोन गोळ्यांमधला श्वास

स्वस्थ बसा. उजवा हात मांडीवर सैल सोडा. एक सावकाश श्वास घ्या आणि सोडा. याला साधारण चार सेकंद लागतात. आज आपल्याला या चार सेकंदांपाशीच थांबायचं आहे.

हातात एक जुनी ली-एनफिल्ड रायफल आहे असं मनात आणा. आपल्याकडे तिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतात. महाराष्ट्रात पोलीस शिपायांच्या खांद्यावर ती वर्षानुवर्षं दिसत आली. एक गोळी सुटली की ही रायफल आपणहून पुढं काही करत नाही. बोल्टची मूठ वर उचलायची आणि मागं खेचायची, की रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग बोल्ट पुढं सरकवून मूठ खाली दाबायची आणि पुन्हा नेम धरायचा. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला मिनिटाभरात नेम धरून १५ गोळ्या झाडता याव्यात, अशी अपेक्षा असे. म्हणजे गोळीमागं सरासरी चार सेकंद.

आपल्या एका श्वासाएवढाच हा अवधी. त्यात समोरचा माणूस आडोशाला जाऊ शकतो किंवा हात वर करू शकतो. झाडणाऱ्याला पुढची गोळी पुन्हा ठरवून झाडावी लागते. इथं थोडं थांबा. हे चार सेकंद कुणी दयेपोटी ठेवलेले नव्हते, ती यंत्राची मर्यादा होती. तरीही त्यात माणसाला जागा होती, असं मला मनापासून वाटतं.

हे चार सेकंद पुसून टाकायचा प्रयत्न जिथं झाला, त्या न्यूझीलंडकडं आता मन न्या. फेब्रुवारी १९४२. १५ तारखेला सिंगापूर पडलं, १९ तारखेला ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. न्यूझीलंडची लढाऊ डिव्हिजन तेव्हा मध्यपूर्वेत होती. मायदेशी राहिलेल्यांवर लांबच लांब किनारा राखायची वेळ आली होती, आणि ब्रेन किंवा लुईस जातीच्या हलक्या मशीनगन फारच थोड्या होत्या. गुदामांत मात्र बोअर युद्धाच्या काळातल्या ली-मेटफोर्ड आणि लांब नळीच्या ली-एनफिल्ड रायफली पडून होत्या.

अशा किनाऱ्यावर पहारा देत उभे आहात अशी कल्पना करा. मागं आपलंच गाव आहे. समोरच्या समुद्रातून कोण येईल, कधी येईल, ठाऊक नाही. ही भीती खरी होती. तिला नावं ठेवू नका, फक्त ती कशी वाटते ते पाहा.

न्यूझीलंडमधल्या हेस्टिंग्जच्या फिलिप चार्लटन यांनी १९४१ मध्येच या जुन्या रायफलींना स्वयंचलित करण्याची रचना तयार केली होती. बार उडताना नळीत जो वायू दाबाखाली असतो, त्यातला थोडा वळवून त्याच्याच जोरावर बोल्ट मागं ढकलायचा. जे काम हात करत होता ते आता बारच करणार. पुढं नळीला टेकू देणारी दुपाई आली, मुठीसाठी पकड आली, ब्रेनच्या धर्तीवर ३० गोळ्यांचं मॅगझिन आलं. मूळच्या सडपातळ रायफलीवर इतकं काही बसवलं गेलं, की चित्रात पाहिल्यावर ती आधी ओळखूच येत नाही. अशी सुमारे १५०० शस्त्रं न्यूझीलंडमध्ये तयार झाली. ऑस्ट्रेलियातही वेगळ्या घडणीचे काही नमुने निघाले. ते बनवणारी कंपनी होती व्हॅक्यूम क्लीनरसाठी ओळखली जाणारी इलेक्ट्रोलक्स.

एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. चार्लटन रायफल सहसा एकेक गोळीच झाडण्यासाठी होती. दर गोळीला नव्यानं चाप ओढायचा. अखंड मारा फक्त आणीबाणीच्या प्रसंगासाठी राखून ठेवला होता. म्हणजे हाताचं काम गेलं, तरी बोटाकडं थोडा निर्णय उरला. अंगठ्याशेजारच्या आपल्या बोटाकडं लक्ष न्या. ते मिटा, उघडा. आता या एवढ्याशा हालचालीत सारं आलं.

जपानी फौज न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरलीच नाही. युद्ध संपण्याच्या सुमारास पामर्स्टन नॉर्थच्या लष्करी कोठाराला आग लागली आणि यातल्या जवळजवळ सगळ्या रायफली जळाल्या. मोजक्याच उरल्या, त्या आज संग्रहालयांत आहेत.

रायफल स्वयंचलित करायची आणि ती युद्धात वापरलीच जायची नाही, असं याआधीही घडलं होतं. पहिल्या महायुद्धात चिखलात अडकून बदनाम झालेल्या कॅनडाच्या रॉस रायफलीपासून क्यूबेकच्या जोसेफ ह्युओ यांनी स्वयंचलित शस्त्र घडवलं, पण ते सैन्याच्या हाती पडण्याआधी युद्ध संपलं. अमेरिकेत जॉन पेडरसन यांनी स्प्रिंगफील्ड रायफलीत बोल्टच्या जागी बसणारं एक उपकरण काढलं. दर गोळीला बोल्ट खेचायची गरज त्यानं संपवली. अशी सुमारे ६५,००० उपकरणं १९१९ च्या वसंतातल्या चढाईसाठी तयार झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाला, आणि १९३१ मध्ये त्यातली बहुतेक नष्ट करण्यात आली.

कारखान्यात लोखंड कापणारी, जुने भाग घासूनपुसून जुळवणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. त्यांना आपली घरं वाचवायची होती. त्यांच्या कसबाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आणि त्यांनी घडवलेली शस्त्रं त्या किनाऱ्यावर कुणाच्या छातीवर चालली नाहीत, याचा तितकाच आनंद आहे. हा आदर आणि हा आनंद दोन्ही मनात एकदमच राहू द्या. एकासाठी दुसऱ्याला बाहेर काढू नका.