हद्दीची हिजरत

लडाखच्या नुब्रा भागात, श्योक नदीकाठी तुर्तुक हे छोटेसे गाव आहे. जर्दाळूच्या बागा आणि बाल्टी बोलणारे मुसलमान. ते पाकिस्तानच्या ताब्यात होते. डिसेंबर १९७१ मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने ते जिंकले. हिजरत म्हणजे माणसाने वतन सोडणे. इथे माणूस घरातच होता, हिजरत हद्दीने केली. कामाला, शिकायला स्कर्दूकडे गेलेले मात्र तिकडेच अडकले.

अशा माणसाकडे वफादारी मागायची म्हणजे नेमके काय मागायचे? कायदा पाळ, इमानाने राहा, हे रास्तच. तुर्तुककरांनी ते दिले. फौजेची ओझीही डोंगरावर वाहिली. पण तिकडच्या भावाची आठवणही काढू नकोस, असे म्हणता येईल काय? आम्हाला तसे वाटत नाही. 'वफा' हा शब्द आपण शायरीत माशुकेपायी पार झिजवला. वचन पाळणे हा त्याचा मूळ अर्थ. वचन घ्यायचे तर देणाऱ्याला विचारावे लागते. त्या रात्री कुणी विचारले होते? (१९४७ मध्ये तरी कुणाला विचारले म्हणा!) आणि रक्ताचे नाते तर कुठल्याही वचनाच्या आधीचे.

२०१० पासून तुर्तुक पर्यटकांना खुले आहे. श्योकचे पाणी पुढे सिंधूला मिळून स्कर्दूकडे जाते. भावाला भेटायचे तर दिल्लीचा व्हिसा, मग अटारी-वाघा. एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा दरवाजाही बंद झाला.