पालक नव्हे, पिता

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९, गलतीकरांस ४:१-७



दावीदाचे राज्य स्थिर झाल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. शौलाच्या घराण्यातील कोणी उरले आहे काय, की ज्यावर योनाथानाकरिता आपल्याला दया करता येईल? राजाने असा शोध घेतला की त्याचा अर्थ त्या काळी लोकांस निराळाच वाटत असे. जुन्या राजघराण्यातील उरलासुरला अंकुर खुडून टाकावयाचा, ही नव्या राजांची रीत. परंतु दावीदाने माणसे पाठविली ती मारण्यासाठी नव्हेत, आणण्यासाठी. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दूर लो-दबार येथे परक्या घरी राहत होता. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी अधू झाला होता. राजवाड्याचे दार कितीही उघडे ठेवले असते तरी तो आपल्या पायांनी येऊ शकत नव्हता. कोणीतरी जाऊन त्याला आणावेच लागले. आणि आणल्यावर राजाने त्याला नोकरांच्या ओसरीवर बसविले नाही, तर आपल्या पुत्रांप्रमाणे आपल्या पंक्तीला बसविले.

या महिन्यात आम्ही दत्तक लेकरांविषयी थोडे बोलू इच्छितो. इंदूरसारख्या शहरात काय, किंवा पुण्या-मुंबईत काय, आपल्या मंडळ्यांत अशी कुटुंबे आहेत की ज्यांनी संस्थेतून मूल आणले आहे, किंवा आणावे की नाही या विचाराने ज्यांची झोप उडाली आहे. परदेशी स्थायिक झालेली आपली माणसेही तान्ह्या मुलासाठी समुद्र ओलांडून इकडे येतात. अशा घरांविषयी आपण चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून काय बोलतो, हे देव ऐकतो. म्हणून त्याचे वचन या बाबतीत काय शिकविते ते पाहू.

१. आधी निघतो तो आणणारा

मूल कधी आईबापांच्या शोधात निघत नाही. निघतात ते आईबाप. १९७९ सालची एक गोष्ट आता सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या श्रीवत्स या बालसदनात त्या वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेली एक मुलगी होती. तिचे नाव लैला ठेवले होते. स्थळेकर नावाचे एक दांपत्य, पती मूळ मुंबईचे आणि पत्नी इंग्रज, परदेशातून मूल नेण्यासाठी आले होते. त्यांच्या घरी आधीची एक दत्तक मुलगी होती, म्हणून या वेळी मुलगा पाहत होते. पण त्यांनी लैलाला पाहिले आणि तिलाच घरी नेले. तेव्हा ती अवघी तीन आठवड्यांची होती. अमेरिका, केनिया असे करीत ते कुटुंब सिडनीत स्थायिक झाले. तीच लिसा स्थळेकर. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या महिला संघातून खेळली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा व शंभर बळी असा दुहेरी पल्ला गाठणारी जगातील पहिली स्त्री झाली, आणि २०१३ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती.

तिची कीर्ती सांगण्यासाठी आम्ही ही गोष्ट घेतली नाही. तीन आठवड्यांच्या त्या लेकराच्या अंगी तेव्हा कोणता गुण दिसत होता? धाव नाही, बळी नाही. प्रेम आधी आले, कर्तृत्व मागाहून. जी दत्तक मुले मोठी होऊन साधी कारकून किंवा शिक्षिका होतात, तीही तितक्याच प्रेमाने घरी आणलेली असतात. आपल्या तारणाचीही हीच रीत आहे. काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठविले, असे प्रेषित पौल गलतीकरांस कळवितो. आपण स्वर्गापर्यंत चालत गेलो नाही. प्रवास त्याने केला.

२. पालक की पिता?

आता पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या चौथ्या अध्यायाची पहिली वचने काळजीपूर्वक वाचा. तेथे पालक आणि कारभारी यांच्या हाताखाली असलेला बालक एका बाजूला आहे, आणि अब्बा म्हणून हाक मारणारा पुत्र दुसऱ्या बाजूला. या दोहोंतील अंतर भारतातील ख्रिस्ती माणसाला जितके कळावे तितके क्वचितच कोणाला कळेल. कारण ते अंतर आपल्या घरांनी पुष्कळ वर्षे सोसले आहे.

१९५६ सालचा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता. ख्रिस्ती दांपत्याने अनाथ मूल घरी आणले तर १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात जाऊन ते फक्त त्याचे पालक होऊ शकत. मूल सज्ञान झाले की पालकत्व संपे. मृत्युपत्र करून ठेवले नसेल तर कायद्याने ते मूल वारस ठरत नसे. ज्या आईने रात्री जागून गोवराच्या तापात त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या, तिचे नाव सरकारी कागदावर आई म्हणून नव्हे, पालक म्हणून लिहिले जाई. परदेशी जाणाऱ्या मुलांचीही तीच तऱ्हा होती. येथून पालकत्वाचा हुकूम घेऊन न्यावयाचे आणि दत्तकविधान त्या देशात करावयाचे. त्या व्यवहारात गैरप्रकार होतात अशी तक्रार करणारे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि १९८४ साली परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले.

२००० सालचा बाल न्याय कायदा आणि त्यातील २००६ सालची दुरुस्ती यांमुळे धर्म कोणताही असो, दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला. आता २०१५ सालच्या कायद्याप्रमाणे दत्तक-आदेश निघाला, की त्या दिवसापासून ते मूल सर्व अर्थांनी त्या आईबापांचेच. जन्मदाखल्यावर त्यांचे नाव, वारसा त्यांचा. २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल परदेशी जावयाचे असेल तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र लागते, मुलाचा पासपोर्ट लागतो, आणि तिकडे गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या क्षेमकुशलाचे अहवाल पाठवावे लागतात. अर्ज करून कित्येकांना तीन-तीन वर्षे वाट पाहावी लागते. हा सारा खटाटोप कंटाळवाणा वाटतो खरा, परंतु ती कुंपणे लेकराच्या रक्षणासाठी आहेत. ओळखीच्या दवाखान्यातून, कागदाशिवाय, पैसे देऊन मूल घेण्याचा मोह कोणी दाखविला तर ख्रिस्ती माणसाने त्या दारी जाऊ नये. तेथे दत्तक नाही, विक्री आहे.

देवाने आपले नुसते पालकत्व पत्करले असते तरी आपल्यावर मोठे उपकार झाले असते. पण त्याने आपल्याला पुत्र केले, आणि पुत्र म्हणून वारसही केले. मग आपण आणलेल्या लेकराला अर्धवट नाते का द्यावे? जमीन भावाच्या मुलाला आणि प्रेम दत्तक मुलीला, अशी वाटणी मनात ठेवणारा बाप अजून पालकच आहे, पिता झालेला नाही.

३. रिकामी जागा भरावयास नव्हे

आपल्या मराठी इतिहासात दत्तकाची थोर उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. येशूच्या जन्मकाळी ज्याच्या हुकुमाने नावनिशी झाली तो ऑगस्टस कैसरही युलियस कैसराचा दत्तक पुत्र. अशा दत्तकांचे कारण उघड आहे. गादीला वारस हवा होता.

देवाचे दत्तकपण असे नाही. देवाला पुत्र होता. त्याची गादी रिकामी नव्हती, घर सुने नव्हते. दावीदालाही पुत्र होते. मफीबोशेथावाचून त्याचे काही अडले नव्हते. गरज होती ती आणल्या जाणाऱ्याला. मूलबाळ नसल्याचे दुःख खरे असते. हन्नेचे अश्रू पवित्र शास्त्राने हलके लेखले नाहीत, आणि आपणही लेखू नयेत. पण ते दुःख पुसण्याचा भार एका तान्ह्या जिवावर घालू नये. म्हातारपणी काठी मिळावी, लोकांची तोंडे बंद व्हावीत, नाव चालावे, म्हणून आणलेले मूल जन्मभर परीक्षेला बसलेले असते. आणि उपकार म्हणून आणलेले मूल जन्मभर ऋणको असते. पहिल्याने चूक केली की ऐकावे लागते, आमची आशा फुकट गेली. दुसऱ्याने चूक केली की ऐकावे लागते, तुला कोठून आणले ते विसरलास. ख्रिस्ती घरात ही दोन्ही वाक्ये उच्चारली जाऊ नयेत.

४. धरलेले हात आणि उघडे हात

शेवटचा धडा आमच्या इंदूर शहराने पाहिला आहे. ऐकू-बोलू न येणारी एक लहान मुलगी काही वर्षांपूर्वी आगगाडीतून वाट चुकून सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात गेली. कराचीच्या एधी फाउंडेशनमध्ये बिल्किस एधी यांनी तिला आईच्या मायेने वाढविले. मुलगी हिंदू आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिला तिच्या रीतीने पूजा करण्यास जागा दिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याच तिला घेऊन दिल्लीस आल्या. नंतर गीता इंदूरच्या मूकबधिर संस्थेत राहू लागली. तिच्या घरच्यांचा शोध कित्येक वर्षे चालला, आणि २०२१ साली तिची जन्मदाती महाराष्ट्रात मराठवाड्याकडे सापडल्याची वार्ता स्वतः बिल्किसबाईंनी जगाला सांगितली. पुढल्याच वर्षी त्या वारल्या.

ही बाई आपल्या धर्माची नव्हती. तरी तिने दाखविलेली गोष्ट प्रत्येक दत्तक आईबापाने मनात साठवावी. तिने मुलीला घट्ट धरले, पण मुठीत धरले नाही. लेकराचे मूळ पुसून टाकले नाही, आणि ते मूळ सापडले तेव्हा तिला दुःख नव्हे, आनंद झाला.

काही आईबाप मुलाला सत्य कळेल या भयाने गाव बदलतात. पण सत्य कोणत्या तरी मावशीच्या तोंडून लग्नाच्या मांडवात बाहेर पडतेच. आणि त्या दिवशी मुलाला जे टोचते ते दत्तक असणे नव्हे, फसविले जाणे. फारोच्या मुलीच्या घरी वाढलेल्या मोशेला आपले भाऊबंद कोण ते ठाऊक होते. मर्दखयाने मुलगी म्हणून वाढविलेल्या एस्तेरेला आपले आईबाप वारल्याचे ठाऊक होते. म्हणून तान्हेपणापासून, अंगाईबरोबर, गोष्ट सांगावी : आम्ही तुला आणावयास गेलो होतो. जन्मदात्या आईविषयीही वाकडा शब्द नको. मूल सोपवून देणाऱ्या आईला कायदा फेरविचारासाठी दोन महिने देतो. कायद्याला तिच्या मनाची इतकी कदर आहे, तर मंडळीला अधिक असावी.

मंडळीने काय करावे?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. वंशवृक्ष काढण्याचा पाठ घ्याल तेव्हा वर्गात कोण बसले आहे ते आठवा. त्या दिवशी मत्तयाचा पहिला अध्याय उघडा. अब्राहामापासून आलेली ती लांब यादी शेवटी योसेफापाशी येते, आणि योसेफ येशूचा रक्ताचा बाप नव्हता. तरी त्याने बाळाचे नाव ठेवले, त्याला घेऊन रातोरात परदेशी मिसरात गेला, आणि संकट टळल्यावर त्याला मायदेशी परत आणले. आपल्या प्रभूला दावीदाचा पुत्र म्हणतात तो योसेफाच्या घरातून. हे ऐकून वर्गातील एखादे मूल ताठ बसेल.

वडील मंडळींनीही एक आठवण ठेवावी. १८७७ साली इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले. १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात त्या मिशनने माळव्यातील शेकडो अनाथ मुले उचलून आणली. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः हिंडून दुष्काळातील मुलींना पुण्याकडे आणीत होत्या, आणि त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन भरले. आपल्या कित्येक जुन्या ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ मागे मागे नेली तर ती अशाच एखाद्या आणलेल्या लेकरापाशी थांबते. ज्यांची पणजी कोणीतरी उचलून आणली होती, त्यांनी शेजारच्या घरातील मुलाला आणलेले म्हणून हिणवावे काय?

म्हणून एखादे दांपत्य बाळ घेऊन पहिल्यांदा उपासनेस येईल तेव्हा चौकशा करू नका. कोणाचे, कोठले, कसे, हे विचारू नका. उठून जागा द्या. मफीबोशेथ पंक्तीला बसला तेव्हा त्याचे अधू पाय मेजाखाली होते, आणि वर त्याचे पान राजपुत्रांच्या पानाशेजारी मांडलेले होते. आपणा सर्वांचे तसेच आहे.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही दूर होतो तेव्हा तू आपल्या पुत्राला आमच्याकडे पाठविलेस. ज्या घरी पाळणा रिकामा आहे तेथे शांती दे. ज्या पाळण्यातील लेकराला घर नाही त्याच्यासाठी कोणाचे तरी पाऊल उचल. ज्या आईला आपले मूल सोडावे लागले तिचे अश्रू पूस. आणि आमच्या मंडळीला तुझ्या पंक्तीची रीत शिकीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.