अनेकांचा एक : एका खेळण्याचे परीक्षण

मुलांच्या खेळण्यांचे परीक्षण करण्याचा प्रघात आपल्या मासिकांत नाही. ग्रंथ, नाटक, गायन, चित्रकला यांवर टीकाकारांच्या लेखण्या झिजतात; पण ज्या वस्तूंच्या सहवासात मनुष्य आपली पहिली काही वर्षे घालवतो आणि ज्यांच्यापासून तो मालकी, वाटणी व भांडण हे विषय प्रथम शिकतो, त्यांच्याविषयी सुशिक्षित समाज 'पोरखेळ' हा एकच शब्द उच्चारून मोकळा होतो. आम्हीही आजवर तसेच करीत आलो. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या चंद्रपूरच्या घरी एका खेळण्यावरून तंटा उपस्थित झाला, त्याचा निवाडा आमच्याकडे आला, आणि तो आम्ही चुकीचा दिला. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याला असा प्रसंग भूषणावह नव्हे. म्हणूनच त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

प्रथम वस्तूचे वर्णन करू. पाच निरनिराळ्या पेट्यांतून पाच लहान वाहने मिळतात : डंपर, डोझर, क्रेन, माती उपसणारे पोकलेन आणि सिमेंट कालवणारी गाडी. कोळशाच्या खाणींच्या या मुलखात वाढणाऱ्या मुलाला यांतले एकही वाहन अपरिचित नाही. प्रत्येक वाहन उलगडले की त्याचा एक छोटा यंत्रमानव होतो. आणि पाचही वाहने ठराविक रीतीने दुमडून एकमेकांत अडकवली की हातभर उंचीचा एक राक्षस उभा राहतो. डंपर त्याचे धड होतो, डोझर व क्रेन हे हात होतात, आणि पोकलेन व सिमेंटची गाडी हे पाय. कारागिरी एकंदरीत बरी आहे. चाके खरोखर फिरतात, डंपरचा हौदा उचलला जातो. डाव्या पायाचा सांधा मात्र इतका घट्ट बसतो की तो सोडवताना मुलाच्या नखाला इजा व्हावी. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात प्रथम आली नाही, पुढे आली : राक्षसाचे डोके पाचांपैकी कोणत्याच वाहनातून निघत नाही. ते डंपरच्या पेटीत सुटे येते.

ही कल्पना मूळची जपानची. १९७६ साली तेथील 'कॉम्बॅटलर व्ही' या चित्रमालिकेत पाच वाहने जुळून एक महाकाय यंत्रपुरुष होत असे. १९८० मध्ये टाकारा कंपनीने 'डायक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यांतील कित्येकांना हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८४ पासून 'ट्रान्सफॉर्मर्स' हे नाव देऊन जगभर नेले. आणि १९८५ मध्ये बांधकामाच्या सहा वाहनांचा 'डेव्हास्टेटर' बाजारात आला. आमच्या घरचा राक्षस याच घराण्यातला, बहुधा दूरच्या नात्यातला. परंतु कल्पनेचे बीज आपल्याला परके नाही. ओडिशात सारळादासाच्या महाभारतात नऊ प्राण्यांच्या अवयवांचा 'नवगुंजर' आहे. अनेक स्त्रियांच्या देहांची रचना करून हत्ती साकारणारी 'नारीकुंजर' चित्रे आपल्या जुन्या चित्रकारांनी काढली आहेत. अनेकांतून एक घडताना पाहण्याचा आनंद मनुष्यजातीला फार दिवसांचा आहे.

आता तंट्याकडे वळू. आमच्या चिरंजीवाने पाच वाहनांपैकी तीन आपल्या मुलाला दिली आणि दोन, म्हणजे डोझर व सिमेंटची गाडी, गडचिरोलीहून आजोळी आलेल्या आपल्या भाच्याला. थोरला आठ वर्षांचा, धाकटा सहा वर्षांचा. चार दिवस दोघांनी मिळून राक्षस उभा केला, त्याच्याकडून उशांचे किल्ले पाडवले, त्याला फराळाचा नैवेद्यही दाखवला. भाऊबीज झाली, आणि गडचिरोलीची बस पकडण्याची वेळ आली तेव्हा धाकटा आपली दोन वाहने मागू लागला. थोरला राक्षस सोडीना. डावा हात व डावा पाय गेल्यावर उरते काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैर नव्हता.

प्रकरण आमच्यापुढे आले. आम्ही धाकट्याला जवळ घेऊन म्हणालो, "अरे, एवढा मोठा राक्षस मोडायचा कशाला? तुझ्या दोन गाड्या एकट्या काय कामाच्या? इथे राहिल्या तर राक्षस सर्वांचा राहील. तूही उन्हाळ्यात येशील तेव्हा खेळशील." युक्तिवाद निर्दोष आहे असे आम्हाला वाटले. मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "आजोबा, राक्षस सगळ्यांचा असंल, पण पाय तं माझा आहे ना!" एवढे बोलून तो रडू लागला.

वाचकांस वाटेल की बालहट्टाला आम्ही नसते महत्त्व देत आहो. पण त्या वाक्याने आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. व्यक्तीने समाजात विलीन होण्यातच तिचे सार्थक आहे असे आम्ही वर्गात प्रतिपादन करीत असता तो उभा राहिला होता. त्याच्या घरचे शेत कोळशाच्या खाणीत गेले होते. मोबदला मिळाला होता, भावाला नोकरीही लागली होती. त्याची तक्रार पैशाची नव्हती. त्याने विचारले होते, "सर, विलीन झाल्यावर सार्थक झाले हे कळायला कोण उरते?" आम्ही तेव्हा हेगेलचे नाव घेऊन वेळ मारून नेली. सहा वर्षांच्या मुलापुढे हेगेलचा उपयोग नव्हता.

या प्रश्नाला तत्त्वज्ञांनी दिलेली दोन उत्तरे प्रसिद्ध आहेत. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाविषयी विचारले होते : दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? यांपैकी एकही रथ नव्हे, आणि यांना वगळूनही रथ नाही. 'रथ' हे केवळ व्यवहारातले नाव. या न्यायाने आमचा राक्षसही नाममात्र ठरतो. उत्तर सूक्ष्म आहे, परंतु ते तंटा मिटवत नाही. कारण नागसेनाच्या रथाचे चाक बोलत नव्हते. 'मी चाक आहे, आणि मला दुसरीकडे जायचे आहे' असे ते म्हणाले असते तर संवादाला निराळे वळण लागले असते.

दुसरे उत्तर इंग्लंडातील टॉमस हॉब्ज याचे. त्याच्या 'लेव्हायथन' या १६५१ सालच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचे चित्र पाहण्यासारखे आहे. डोंगरांमागून एक विशाल राजपुरुष वर आलेला आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड. नीट पाहिले असता त्याचे धड व बाहू शेकडो लहान माणसांचे बनलेले दिसतात. ती सर्व माणसे आपल्याकडे पाठ करून राजाच्या मुखाकडे पाहत आहेत. त्यांपैकी एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. चेहरा आहे तो एकट्या राजाचा, आणि तो मात्र माणसांचा बनलेला नाही. आमच्या राक्षसाचे डोके सुट्या पुडीतून येते हे ध्यानात आले ते या चित्राच्या आठवणीने. हात तुमचे, पाय तुमचे, भार तुमच्यावर. डोके मात्र भलतीकडून. समुदायाच्या नावाने जो अन्याय होतो त्याचा उगम पुष्कळदा या सांध्यात सापडतो.

म्हणून ऐक्य वाईट असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एकेकटा डोझर उशीचा किल्ला पाडू शकत नाही, आणि एकेकटे घर जंगल राखू शकत नाही. प्रश्न ऐक्य हवे की नको हा नसून ते कोणत्या जातीचे असावे हा आहे. आमच्याच मुलखात त्याचे दोन नमुने आहेत. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळतात व प्राणहिता होतात. तो संगम रमणीय आहे. पण पुढे सिरोंच्याला गोदावरीच्या काठी उभे राहून यातले वर्धेचे पाणी कोणते, असे विचारणे व्यर्थ आहे. खाणीत गेलेल्या शेताचे ऐक्य या जातीचे. त्या कोळशावर चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते. ज्या दिव्याखाली आम्ही हे लिहीत आहो तो कदाचित तिच्यावरच जळत असेल. त्या शेताचे आम्ही ऋणी आहो. पण ते शेत पुन्हा शेत होणे नाही, आणि जे परत होणे नाही ते मागताना मागणाऱ्याचा आवाज नरम असला पाहिजे. आम्ही धाकट्याशी बोललो तो आवाज गोड होता, नरम नव्हता. या दोहोंतला भेद आम्हाला त्या दिवशी कळला.

दुसरा नमुना गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क २००९ साली मान्य झाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खाजगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी निगडित आहेत. परंतु आम्हाला त्यातले सर्वांत मोठे वाटते ते निर्णयाचे तंत्र. तेथे बहुमताने ठरत नाही, सर्वसहमतीने ठरते. एकाचे मन वळले नसेल तर बाकीचे थांबतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. जमीन ग्रामसभेच्या नावे झाली, पण नांगर ज्याच्या त्याच्या हाती राहिला. आणि डोके बाहेरून पुडीत आले नाही, ते गावाने बसून आपल्यातूनच घडवले.

यावर आक्षेप येईल तो आम्ही स्वतःच मांडतो. ज्या संघातून कोणीही केव्हाही उठून जाऊ शकतो तो संघ कसला? ऐन लढाईत डावा पाय 'मी निघालो' म्हणेल तर राक्षस कोसळेल आणि त्याखाली उजवाही चिरडेल. आक्षेप खरा आहे. एकदा शब्द दिल्यावर तो अर्ध्यात मोडू नये, हे कर्तव्य पायाचेही आहे. सर्वसहमतीची वाट पाहता पाहता कामे रेंगाळतात हेही खरे, आणि साथ आली असता किंवा पूर आला असता कोणी तरी एकाने हुकूम सोडावा लागतो. पण लढाई चार दिवसांची होती, आणि ती संपली होती. आम्ही धाकट्याला जे सांगितले ते लढाईसाठी थांबण्याविषयी नव्हते. राक्षस दिसायला भव्य आहे म्हणून त्याने आपला पाय कायमचा सोडावा, असे ते सांगणे होते. संकटाच्या नावाने जोडलेले सांधे संकट सरल्यावरही सोडायचे नाहीत, ही युक्ती मोठमोठी राज्येही करतात. आम्ही ती दिवाणखान्यात केली, एवढाच फरक.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाके लावलेला आपापला लाकडी नंदी ओढीत मुले येतात, घरोघरी जाऊन बोजारा मिळवतात, आणि आपापला नंदी घेऊन घरी परततात. पन्नास नंदी एका रांगेत उभे राहतात तेव्हा तोही एक महाकाय देखावा असतो; पण संध्याकाळी कोणाचा नंदी कोणाचा याविषयी तंटा होत नाही. दोरी शेवटपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात असते. बालपणी अशी दोरी आम्हीही धरली होती. मग तीस वर्षे विद्यार्थ्यांना विलीनतेचा उपदेश करताना ती कशी विसरलो, याचे उत्तर आम्हाला अजून नीट देता येत नाही.

बस सुटायला अर्धा तास होता. आम्ही थोरल्याला समोर बसवून आपला निवाडा चुकला असे सांगितले आणि राक्षस मांडीवर घेतला. हात सहज निघाला. डावा पाय निघेना; शेवटी निघाला, पण आमच्या अंगठ्याचे नख दुखावले आणि गाडीच्या कडेला एक चरा पडला. धाकट्याने चरा पाहिला, काही बोलला नाही. त्याने गाडी फरशीवर ठेवली, एका बोटाने ढकलली, आणि चाके फिरतात असे पाहून ती पिशवीत घातली. थोरला आपला एका हाताचा, एका पायाचा राक्षस भिंतीला टेकवून ठेवीत होता. तो हिरमुसला होता, परंतु दाराशी जाऊन त्यानेच विचारले, "उन्हाळ्यात आणशील ना रे?" आणि पिशवीवर हात ठेवून धाकटा 'हो' म्हणाला.

तो 'हो' आम्ही दिलेल्या पहिल्या निवाड्याने कधीच मिळाला नसता; पाय कपाटात राहिला असता, आणि मागण्याचे कारणच उरले नसते. खेळण्याविषयी आमचा अभिप्राय असा की ते घेण्याजोगे आहे, सांधा थोडा सैल असता तर अधिक चांगले झाले असते. आणि घर असो, गाव असो की राष्ट्र असो, अनेकांतून एक घडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने अधूनमधून त्या मुलासारखे खाली बसून एकेका घटकाला बोटाने ढकलून पाहावे, आणि त्याची चाके अजून फिरतात की नाही याची खात्री करून घ्यावी.