रोग देहाला, धीर जीवाला

कर्करोगाचे नाव कानी पडताच माणूस आधी मनाने खचतो. आणि आपण भाविक म्हणवणारे त्याला आधार देण्याऐवजी त्याच्या पूर्वपापाचा हिशेब मांडू लागतो. वारकरी हो, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला व १८८६ साली त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या हातावर अर्बुद उठले, चार शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० साली त्यांचा देह पडला. आता सांगा, यांचे पाप कोणते? कर्मविपाक ही दुसऱ्याच्या घरी जाऊन वाचायची पोथी नव्हे!

दुसरे कोणी म्हणतात, "हसत राहा, म्हणजे रोग पळेल." हेही खरे नाही. हसण्याने गाठ विरते, असे वैद्यकास आढळलेले नाही. मग ज्याला रडू येते त्याने काय करावे? रोगाचा भार आहेच, वर हसण्याची सक्ती कशाला?

शास्त्राने साधकाच्या षट्संपत्तीत तितिक्षा गणिली आहे. तितिक्षा म्हणजे दुःख नाही असे म्हणणे नव्हे. दुःख आहे हे जाणून वाट न सोडणे. वारीत पायाला फोड येतो. तो नाकारून भागत नाही, आणि फोड आला म्हणून कोणी आळंदीस परतही फिरत नाही. औषध लावावे, सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवावा, आजचा मुक्काम गाठावा. पंढरी किती कोस उरली, हे रोज सकाळी मोजत बसू नये. उपचाराचेही तसेच, आजचा दिवस आज.

नाम हे औषधाच्या जागी नव्हे, औषध सोसण्याच्या बळासाठी. अंगाऱ्यावर विसंबून महिने घालवू नयेत. गाठ कळताच डॉक्टरला दाखवावी. भीती बोलून दाखवली, सोबत मिळाली, तर मनाचा क्लेश हलका होतो, हे डॉक्टरही सांगतात.

ही सोबत देणे आपले काम. गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या टाटा रुग्णालयात येणारे गोरगरीब रोगी उतरतात. हीही पंढरीच की!

तेव्हा दिंडीतला कोणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी जाऊन बसा. हा रोग शिवण्याने लागत नाही. तो रडला तर रडू द्या, बोलला तर ऐका. मग त्याची इच्छा असेल तर हळू टाळ धरा आणि हरिपाठ म्हणा. असो.

रामकृष्णहरि.