उदास मुलाची विचारपूस

सर्व स्तुती त्या अल्लाहची, ज्याने माणसाला देहाबरोबर मनही बहाल केले; आणि दरूद व सलाम त्या प्रेषितांवर (स.), ज्यांनी लहानग्यांच्या मनाचीही कदर करायला शिकवले.



हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता. त्याने एक चिमुकला पक्षी पाळला होता. प्रेषितांचे (स.) त्या घरी नेहमी येणे-जाणे असे. एके दिवशी ते आले, तेव्हा मूल उदास दिसले. त्यांनी घरच्यांना कारण विचारले. पक्षी मेल्याचे कळताच त्यांनी त्या मुलाला ‘अबू उमैर’ अशी थोरामोठ्यांना शोभेल अशी हाक मारली आणि मोठ्या मायेने त्याच्या पक्ष्याचीच चौकशी केली. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतचा भार होता, त्यांना एका बालकाचा उतरलेला चेहरा दिसला. त्यांनी विचारपूस केली आणि त्याचे दुःख क्षुल्लक मानले नाही.

हा प्रसंग मी मदरशात शिकलो होतो. तरीही मी चुकलो, आणि ती चूक त्या कुटुंबाच्या परवानगीने आज आपल्यासमोर मांडतो.

काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन मशिदीत आले. मुलगा मकतबमध्ये हुशार होता. पण दोन महिन्यांपासून त्याला रात्री झोप नव्हती, तो मित्रांत मिसळत नव्हता आणि शाळेची वेळ झाली की पोटात दुखते म्हणे. “नजर लागली असावी,” असे वडील म्हणाले. मी दुआ पढून दम केला, नमाजची ताकीद दिली आणि त्यांना घरी पाठवले. मुलाकडे वळून मी एकही प्रश्न विचारला नाही. चार महिन्यांनी त्याच्या वर्गशिक्षिकेने निबंधाच्या वहीत त्याने लिहिलेले एक वाक्य वाचले आणि त्याच दिवशी पालकांना बोलावून घेतले. उपचार सुरू झाले. अल्लाहच्या कृपेने तो आज कॉलेजात शिकतो आहे. दुआ पढण्यात माझी चूक नव्हती. दुआ पढून थांबण्यात होती. हदीस मी शिकलो होतो, तिच्यावर अमल मात्र त्या शिक्षिकेने केला. ते चार महिने त्या मुलाने एकट्याने काढले, याचा जाब मला द्यावा लागेल, ही जाणीव आजही माझी झोप उडवते.

आपल्याकडे मुलाची उदासी म्हणजे ईमानचा कमकुवतपणा, असे सहज म्हटले जाते. मग हजरत याकूब (अ.) यांच्याविषयी आपण काय म्हणणार? पवित्र कुरआनात सूरह यूसुफमध्ये येते, की पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले होते. ते अल्लाहचे प्रेषित होते आणि त्यांच्या सब्रला ‘सुंदर’ म्हटले गेले आहे. म्हणजे सब्र आणि अश्रू एकाच हृदयात नांदू शकतात. याच सूरहच्या आरंभी बालक यूसुफ आपले स्वप्न वडिलांना सांगतात. वडील हसत नाहीत, रागावत नाहीत. ऐकून घेतात आणि सावध करतात. आपल्या घरात मुलाला असे काही सांगावेसे वाटते का? की गुणपत्रिकेपलीकडे आपले त्याच्याशी बोलणेच उरलेले नाही?

प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार करण्याची शिकवण दिली आणि उंट बांधून मगच तवक्कुल करायला सांगितले. मनाचा आजार याला अपवाद कसा ठरेल? इसवी सन ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद अल्-बल्खी यांनी आपल्या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्याला आणि दुसरा मनाच्या आरोग्याला वाहिला. अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी आपण घरात औषध ठेवतो, तसेच मनाला सावरणारे विचारही निरोगी असतानाच जमवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता. वेळेआधी सावध होण्याची ही रीत आपल्या परंपरेत हजार वर्षांहून जुनी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत होते आणि बहुतेक वेळा ते कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. हे वय शाळेचे आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क जोडून ठेवावा. पुढच्या पालकसभेत मुलाच्या गुणांबरोबर हेही विचारा : आपल्या शाळेत ही व्यवस्था आहे का?

झोप किंवा भूक बदलणे, आवडत्या खेळातून मन उडणे, सतत चिडचिड, एकाकीपणा, अभ्यासात अचानक घसरण, कारण न सापडणारी डोकेदुखी-पोटदुखी ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर वाट पाहू नका. मुलाजवळ बसा, विचारा, आणि उपदेश न करता ऐका. मग वर्गशिक्षकांशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर त्याला नाटक समजू नका. त्याबद्दल थेट आणि मायेने विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

“लोक काय म्हणतील? उद्या मुलीचे लग्न कसे जमेल?” ही भीती मी जाणतो. ती दूर करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. दुसऱ्याची उणीव झाकणाऱ्याची उणीव अल्लाह झाकतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग एखाद्या घरचे मूल उपचार घेत असेल, तर ती गोष्ट मोहल्लाभर करणारी जीभ कोणत्या तोंडाने अल्लाहपाशी क्षमा मागणार? आम्हा इमामांनीही दम करून झाल्यावर विचारावे, “डॉक्टरांना दाखवले का?”

मुले ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. आज मगरिबनंतर घरी जाल, तेव्हा मुलाच्या दप्तराआधी त्याचा चेहरा पाहा. तो उतरलेला दिसला, तर त्याच्या जवळ बसा. त्या चिमुकल्या पक्ष्याची विचारपूस करण्याइतका वेळ प्रेषितांपाशी (स.) होता, आपल्यापाशीही तो असलाच पाहिजे.

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या मनांना चिंता आणि दुःखापासून तुझ्या आश्रयात घे. जी दुखावली आहेत त्यांना शिफा दे. आणि त्यांचे न बोललेले दुःख वेळेत ओळखणारे डोळे आम्हाला दे. आमीन.