उत्तरापुढची पायरी

नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी आणि मधे एक रेझिस्टर. नववीत ओहमचा नियम शिकलेल्या कुणालाही हे गणित जमते. पेटलेल्या लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात. उरलेले 7 रेझिस्टरने झेलायचे. प्रवाह 20 मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. 7 भागिले 0.02, उत्तर 350 ओहम. वहीतले गणित इथे संपते. विचार मात्र इथूनच सुरू व्हायला हवा.

350 ओहमचा रेझिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहसा मिळत नाही. नेहमीच्या मालिकेत 330 असतो आणि त्यानंतर थेट 390. उत्तराच्या जवळचा म्हणून हात 330 कडे जातो. पण त्यावरचा सोनेरी पट्टा सांगतो, की मूल्य पाच टक्के कमी-जास्त असू शकते. कोरी बॅटरी साडेनऊ व्होल्टही दाखवते. दोन्ही गोष्टी एकदम उलटल्या तर प्रवाह 24 वर जातो. 390 असेल, तर एरवी तो 18 च्या आसपास राहतो आणि अशा वेळीही 20 च्या थोडासाच वर जातो. उजेडातला फरक डोळ्याला जाणवतही नाही. म्हणून नारिंगी, पांढरा, तपकिरी पट्ट्यांचा 390 घ्यावा. 350 हे उत्तर नव्हे, ती सीमा आहे. निवड सीमेच्या सुरक्षित बाजूला करायची असते.

एवढी काळजी का? जुन्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढायचा आणि प्रवाह आपोआप आटोक्यात राहायचा. एलईडीचे उलट आहे. व्होल्टेज जरासे चढले तरी त्याचा प्रवाह झपाट्याने वाढतो, आणि तापल्यावर तो तेवढ्याच व्होल्टेजला आणखी प्रवाह ओढतो. त्याला आवर बाहेरूनच घालावा लागतो. समांतर जोडलेल्या दोन एलईडींना म्हणूनच एक सामाईक रेझिस्टर पुरत नाही: दोघे कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि एकावर जास्त भार येतो. ज्याचा त्याला रेझिस्टर द्यावा.

या आवराची किंमतही मोजली पाहिजे. नऊपैकी सात व्होल्टांची ऊर्जा रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता होऊन जाते. ती सुमारे अष्टमांश वॅट भरते, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर निर्धास्त चालतो. पण तीन लाल एलईडी एकापुढे एक जोडून 180 ओहम लावला, तर जवळपास तेवढ्याच प्रवाहात तीन दिवे पेटतात. सूत्र तेच आहे, फक्त प्रश्न जास्त शहाणपणाने विचारला.

सूत्रात आकडे घालून उत्तर काढणे हा शिक्षणाचा अर्धाच भाग झाला. ते उत्तर बाजारात मिळते का, चुकले तर कोणत्या बाजूला चुकावे आणि वाया काय जाते, हे विचारायला शिकणे हा उरलेला अर्धा. विज्ञान शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे: 350 लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण जरूर द्या आणि लगेच विचारा, "आता दुकानात जाऊन काय मागशील?"